दुसऱ्या घरचं रक्त

ओबुरा मास्तर वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची जी छापील पत्रिका निघाली, तिच्यात मास्तरांच्या दोन शाळा होत्या, तीन पदकं होती, चर्चच्या छपरासाठी दिलेले पत्रे होते, आणि एक कुत्राही होता, कारण मास्तरांना त्याचा फार लळा होता. दुसरी बायको नव्हती. तिची दोन मुलंही नव्हती.

अपोन्दी ही त्या दोघांतली मोठी. वय सत्तेचाळीस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि सरोवराकाठच्या कोगोला गावच्या इस्पितळातली लॅब गेली बावीस वर्षं तिच्या ताब्यात. पत्रिका तिने मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचली, उलटून मागची बाजू वाचली आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे, ओकुम्बाकडे, सरकवली.

"कुत्र्याचं नाव बरोबर लिहिलंय," ओकुम्बा म्हणाला.

"कॉर्नेलने स्वतः लिहिलं असणार. त्याचं शिक्षण चांगलं झालंय."

कॉर्नेल हा पहिल्या घरचा थोरला. सहाव्या महिन्यापासून नैरोबीत मामाकडे वाढलेला, आता कुठल्याशा विमा कंपनीत मोठा साहेब. बापाला पुरायचं आणि मग जमीन मोजून वाटून टाकायची, असा बेत करून तो सहा आठवड्यांची रजा काढून आला होता. येताना जनरेटर आणला, मांडव आणला, खुर्च्या आणल्या, आणि आल्या आल्या म्हाताऱ्या मंडळींना सांगून टाकलं की या वाडीत घर एकच आहे. दुसरीला मास्तरांनी गायी देऊन आणली होती खरी, पण गायी पुऱ्या पोचल्या नव्हत्या, तेव्हा लग्नही पुरं झालं नव्हतं. अपोन्दीची आई मरून नऊ वर्षं झाली होती. तिला हे ऐकावं लागलं नाही एवढंच.

पावसाचे महिने होते. पाणवनस्पतींच्या दलदलीवरून संध्याकाळी डासांचे ढग उठत. कॉर्नेल अर्धी चड्डी घालून मांडवासमोर पाय पसरून बसायचा, हातात ग्लास, भोवती नैरोबीचे दोस्त. अपोन्दीने इस्पितळातून दोन नव्या मच्छरदाण्या ओकुम्बाच्या हाती पाठवल्या. त्या तशाच परत आल्या.

"म्हणाला, यांनी मासे पकडा," ओकुम्बाने निरोप दिला. "म्हणाला, मला जन्मात कधी मलेरिया झालेला नाही."

"ते खरं असेल," अपोन्दी म्हणाली. "नैरोबीच्या उंचीवर कुठून होणार? पण ज्याला कधी झालाच नाही त्याचं रक्त अडाणी असतं, हे कोणी सांगायचं त्याला?"

तिने सांगितलं नाही. या गावातली पोरं पाच वर्षांची होईपर्यंत दहा वेळा तापाने फणफणतात. काही मरतात. जी उरतात त्यांच्या रक्ताला हा पाहुणा ओळखीचा होतो, त्याला कसं आवरायचं ते कळतं. कॉर्नेलच्या रक्ताला काहीच कळत नव्हतं.

पुरणं झालं, केस उतरवण्याचा विधी झाला, दोस्त गाड्या घेऊन परतले, बायको मुलांना घेऊन गेली. त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात कॉर्नेलला ताप आला. हवा बदलली, सर्दी असेल, असं म्हणत त्याने नैरोबीहून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट संपवलं. चौथ्या दिवशी सकाळी तो आपल्या आईला ऑफिसातली कारकून समजून फाईल मागू लागला, तेव्हा त्याला गाडीत घालून इस्पितळात आणलं.

इस्पितळातले डॉक्टर मुटिसो नवे होते, मागच्याच वर्षी आलेले, दूरच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले. माणूस तरुण आणि सभ्य होता. अपोन्दीचं डॉक्टर जमातीबद्दल फार चांगलं मत नव्हतं. स्लाइड रंगात दहा मिनिटं बुडवून ठेवावी लागते हे समजून न घेता पाचव्या मिनिटाला दारात उभे राहणारे तिने खूप पाहिले होते. मुटिसो मात्र दहा मिनिटं थांबायचे, म्हणून ती त्यांच्याशी नीट बोलायची.

तिने स्लाइड धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. पहिल्याच नजरेत तिला कौतुक वाटलं, आणि ते जंतूंचं. बावीस वर्षांत तिने असलं राज्य फार थोड्या वेळा पाहिलं होतं. तांबड्या पेशींमध्ये निळ्या अंगठ्या, अंगठीवर माणकासारखा लाल ठिपका. एका पेशीत एक, दुसरीत दोन, कुठे कुठे तीन. आत शिरायचं, पेशीतलं लाल द्रव्य खायचं, तपकिरी कचरा मागे टाकायचा, एकाचे वीस व्हायचं आणि पेशी फोडून बाहेर पडायचं. फुटण्याच्या प्रत्येक खेपेला माणूस थंडीने कुडकुडतो. काचेवर दिसत होते ते तर नुसते कोवळे. जुने झालेले आपल्या पेशी चिकट करून टाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात, मेंदूत, मूत्रपिंडात. कॉर्नेल आईकडे फाईल का मागत होता ते तिला कळलं.

"किती, बाई?" मुटिसोंनी विचारलं.

"शंभर पेशींत अठरा."

"परत एकदा मोजता का?"

"तीनदा मोजलंय. चौथ्यांदा मोजेपर्यंत वीस होतील."

मुटिसो इंजेक्शनची कुपी फोडायला धावले. औषध जालीम होतं. बारा-बारा तासांनी शिरेतून गेलं आणि तिसऱ्या दिवशी अपोन्दीला काचेवर एकही जिवंत जंतू सापडला नाही.

त्याच दिवशी ती रक्ताची नळी घेऊन खाटेपाशी गेली तेव्हा कॉर्नेलने तिला ओळखलं.

"तू इथे काय करतेस?"

"नोकरी."

"माझं रक्त तूच काढलंस?"

"रोज काढतेय."

त्याने आपल्या दंडाकडे पाहिलं. "सुई नवी होती ना?"

"तुझ्यासाठी मुद्दाम धुऊन घेतली होती."

ती थट्टा करतेय की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याने आईकडे पाहिलं. आई, म्हणजे अपोन्दीची मोठी आई, खाटेच्या पलीकडे कोरड्या चेहऱ्याने बसली होती. तिने अपोन्दीकडे मान वळवली नाही. गेली चाळीस वर्षं वळवली नव्हती.

पाचव्या दिवशी घरी सोडताना मुटिसोंनी बजावून सांगितलं की महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासायचं. कशाला, असं कॉर्नेलने विचारलं. मुटिसोंनी अपोन्दीकडे हात केला.

"जंतू मेले," ती म्हणाली, "पण ते पेशींच्या आत मेले. तुझ्या पोटात डाव्या अंगाला प्लीहा असते. ती हुशार. ती पेशी फेकून देत नाही, आतला मेलेला जंतू तेवढा उपटून काढते आणि पेशी परत रक्तात सोडते. अशा हजारो लाखो उसवलेल्या पेशी आता तुझ्या अंगात फिरतायत. त्या जास्त टिकत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी एकदम फुटायला लागतात कधी कधी. ज्याच्यात जंतू फार होते त्याला भीती जास्त."

"म्हणजे आधी रोगाने रक्त फुटतं आणि मग बरं झाल्यावर परत फुटतं."

"कधी कधी."

"तुमच्या या असल्या इस्पितळात होत असेल," कॉर्नेल म्हणाला. "मी नैरोबीला गेल्यावर नीट तपासून घेईन."

नैरोबीला जायला अजून अडीच आठवडे होते. पुढच्या आठवड्यात तो तपासणीला आला नाही. अपोन्दीने निरोप पाठवला नाही. ज्याला सांगितलेलं कळतं पण सांगणारी आवडत नाही, अशा माणसामागे धावायची तिला हौस नव्हती.

त्याच्या पुढच्या शनिवारी जमिनीची बैठक ठरली. आंब्याखाली खुर्च्या मांडल्या, वाडीतले पाच म्हातारे येऊन बसले. अपोन्दी आणि ओकुम्बाला बोलावणं नव्हतं, पण ओकुम्बाचं घर फाटकालाच लागून होतं आणि ते पाडायचं घाटत होतं, त्यामुळे त्याला न येणं शक्य नव्हतं, आणि अपोन्दी त्याच्यासाठी आली. ती खाली बसते न बसते तोच कॉर्नेल नकाशावरून मान न उचलता म्हणाला, "अपोन्दी, बसून काय राहिलीस? म्हाताऱ्यांना चहा आण."

म्हाताऱ्यांपैकी एकजण खाकरला. बाकीच्यांना चहा हवाच होता.

तिने चहा आणला. कॉर्नेलने कप घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिला त्याचा तळवा दिसला. रेषांमधला रंगसुद्धा गेलेला, चिरलेल्या माशाच्या पोटासारखा पांढरा. मग तिने वर पाहिलं. ओठ राखाडी. डोळ्यांत पिवळेपणा. "उत्तरेकडची हद्द" एवढे दोन शब्द बोलताना त्याला मध्ये श्वास घ्यावा लागत होता. हा माणूस आतून रिकामा होत चाललाय हे कळायला तिला मायक्रोस्कोपची गरज नव्हती. त्या अंगणात ते कळणारी ती एकटीच होती.

"साखर?" तिने विचारलं.

"दोन."

तिने दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि बाजूला झाली.

अर्ध्या तासात कॉर्नेल दमला आणि बैठक मंगळवारवर गेली. अपोन्दी घरी आली. तिने मासा तळला, मक्याच्या पिठाची उगाली थापली, दोन वेळा वाढून घेतली आणि शांत झोपली. रविवारी चर्चमध्ये तिला कळलं की कॉर्नेलसाहेबांना नाफ्तालीच्या खासगी दवाखान्यात ठेवलंय. तिने गाण्याचं पुस्तक उघडलं आणि पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याआधीच मात्र तिने पुस्तक मिटलं.

सोमवारी सकाळी ती लॅबचं कुलूप काढत होती तेव्हा खिडकीपाशी मोठी आई उभी होती. छत्री मिटलेली, कपडे भिजलेले. तिने खिडकीच्या गजांशी बोलायला सुरुवात केली, अपोन्दीशी नाही.

"नाफ्ताली म्हणतो मलेरिया उलटलाय. तीन इंजेक्शनं सांगितलीत, एक दिलं."

"मग दोन राहिली."

"त्याची लघवी काळी होतेय. काळ्या चहासारखी."

"नाफ्तालीला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, जंतू बाहेर पडतायत."

अपोन्दीला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही. म्हातारी तशीच उभी राहिली. मग तिने प्रथमच मान वर केली. "मला दुसरं कोणी माहीत नाही," ती म्हणाली.

ही विनंती नव्हती. विनंती करायची तिला सवय नव्हती. अपोन्दीने पिशवीत सुया, नळ्या आणि हिमोग्लोबिनचं यंत्र टाकलं आणि बाजारापलीकडच्या दवाखान्यात गेली.

नाफ्तालीच्या दारावर पाटी डॉक्टरची होती. पांढरा कोटही होता, कडक इस्त्रीचा. आतल्या खाटेवर कॉर्नेल उशांना टेकून बसला होता, कारण आडवं पडलं की त्याचा जीव घाबरा होत होता. दोरीला सलाईन टांगलेलं.

"या, या," नाफ्ताली म्हणाला. "सरकारी लोक आले."

"कशावरून मलेरिया म्हणतोस?"

त्याने टेबलावरची तपासणीची पट्टी उचलून तिच्या नाकासमोर धरली. "दोन रेघा. वाचता येतात ना?"

"स्लाइड बघितलीस?"

"पट्टी असताना स्लाइड कशाला? आता जग पुढे गेलंय, बाई."

"ही पट्टी जंतू दाखवत नाही, जंतूंचा मळ दाखवते. प्रेत नेल्यावरही घराला वास राहतो, तसा तो मळ महिनाभर रक्तात राहतो. अठरा टक्के होते याच्यात. दोन महिने रेघ दिसली तरी मला नवल वाटणार नाही."

"बाई, तुम्ही लॅबवाल्या. मी डॉक्टर आहे."

"तू गुरांच्या औषधांच्या दुकानात खोकी मांडायचास, नाफ्ताली. गोचिडांचं औषध मी तुझ्याकडूनच घ्यायचे."

नाफ्तालीने कोटाचं वरचं बटण लावलं. अपोन्दीने कॉर्नेलचं बोट पुसलं आणि टोचलं. थेंब यायला वेळ लागला, आणि आला तो पातळ, काकवीत पाणी घातल्यासारखा. यंत्राने आकडा दाखवला: तीन पूर्णांक नऊ. निरोगी पुरुषात चौदा-पंधरा असतं.

तिने आकडा मोठ्याने वाचला. नाफ्तालीने यंत्र बिघडलं असेल असं म्हणून पाहिलं, पण आवाजात जोर नव्हता.

"मला नैरोबीला न्या," कॉर्नेल म्हणाला. तीन शब्दांना तीन श्वास.

"नदीला पूर आलाय. पुलावरून पाणी जातंय," अपोन्दी म्हणाली. "आणि पूल नसता बुडाला तरी तू वाटेतच संपला असतास. उठव त्याला, नाफ्ताली. पांढऱ्या कोटाचा काही तरी उपयोग होऊ दे."

इस्पितळात तिने स्लाइड केली. दहा मिनिटं रंगात. मुटिसो दारात उभे राहिले. दोनशे जागा पाहून झाल्या, एकही जंतू नाही. पण पेशींची दशा बघवत नव्हती. मधला खळगा गेलेले बारीक गोळे, अर्ध्या फुटलेल्या कवच्या, आणि त्यांच्यामधून हाडांतल्या मज्जेने घाईघाईने बाहेर ढकललेल्या मोठ्या, निळसर, अर्ध्या कच्च्या पेशी. जंतू जाऊन दोन आठवडे झाले होते आणि रक्त अजून त्यांच्या पायी मरत होतं.

"तुम्ही म्हणाला होतात तसंच," मुटिसो म्हणाले.

"मी म्हणाले होते," अपोन्दी म्हणाली, आणि तिला शनिवार आठवला. तिने चष्मा काढून पुसला. "रक्त हवं. आत्ता."

कॉर्नेलचा गट ओ. फ्रिजमध्ये ओची एकही पिशवी नव्हती. किसुमू शहरातून रक्त आणणारी गाडी पुराच्या पलीकडे अडकली होती, आणि पाणी उतरेपर्यंत, म्हणजे उद्या दुपारपर्यंत तरी, यायची नव्हती. अपोन्दीचा स्वतःचा गट बी. तिचं रक्त ओवाल्याला चढवलं तर तो तासाभरात मरेल. हे सांगताना तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मोठ्या आईने माणसं पाठवून नातलगांना बोलावलं. मास्तरांच्या मांडवात आठवडाभर बैलाचं मटण खाणारे चाळीस-पन्नास जण होते. रक्ताचं नाव काढताच कोणाचं जाळं पाण्यात राहिलं होतं, कोणाची बायको बाळंत व्हायची होती, कोणाला सुईने चक्कर यायची. तिघं आले. पहिल्याचा गट जुळला नाही. दुसऱ्याच्या स्वतःच्या अंगातच रक्त बेताचं होतं. तिसऱ्याला कळलं की रक्ताची एचआयव्ही तपासणीही होते, तेव्हा तो लघवीला जातो म्हणून गेला आणि बाजाराच्या वाटेला लागलेला खिडकीतून दिसला.

ओकुम्बाला कोणी बोलावलं नव्हतं. तो धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तिथे बातमी पोचली आणि तो तेलकट हातांनी तसाच आला.

"माझा गट कोणता?" त्याने विचारलं.

"ओ. तुला विषमज्वर झाला होता तेव्हा मीच तपासला होता."

"मग काढ."

तिने आधी सगळ्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन चौदा. बाकी सगळं साफ. स्लाइड पाहिली तेव्हा बऱ्याच शोधानंतर तिला तीन अंगठ्या सापडल्या. ताप नाही, डोकेदुखी नाही, सकाळपासून दोन इंजिनं उघडून बसवलेली, आणि तरी रक्तात तीन जंतू निवांत हिंडत होते.

"चालेल," मुटिसो म्हणाले. "यांना गोळ्या द्या, आणि त्यांनाही रक्ताबरोबर गोळ्या सुरू करू."

अपोन्दी कॉर्नेलकडे गेली. त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली होती. मोठी आई पायथ्याशी बसली होती.

"रक्त मिळालंय. ओकुम्बाचं."

कॉर्नेलने डोळे मिटले. "दुसरं कोणी नाही?"

"पत्रिकेवर नावं छापली होतीस ते सगळे आहेत ना. आवाज दे, येतात का बघ."

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"आणखी एक सांगायला हवं. त्याच्या रक्तात तीन जंतू सापडले."

"जंतू असलेलं रक्त मला चढवणार?"

"तुझ्यात अठरा टक्के होते तेव्हा कुठे काय विचारलं होतंस? त्याचं रक्त त्यांना वळण लावून आहे. तुझं मात्र त्यांच्यापुढे लोळण घेतं. गोळ्या देऊ, मरतील ते. तू मरायचं की नाही ते ठरव. सही लागते."

कॉर्नेलने आईकडे पाहिलं. म्हातारीने पेन उचलून त्याच्या बोटांत दिलं. "सही कर," ती म्हणाली.

बाजूच्या खोलीत ओकुम्बा बाकावर पडला होता, मुठीत रबरी चेंडू. पिशवी भरत होती.

"त्याला परत मलेरिया झाला तर माझ्या नावावर येईल का?"

"येईल. त्याची माणसं तुझ्याच नावाने बोटं मोडतील."

"मोडू देत." तो छताकडे बघत चेंडू दाबत राहिला.

"कशाला देतोयस?" तिने विचारलं. "मंगळवारी तो तुझं घर पाडायला सांगणार होता."

"बोट कोणाची का असेना, इंजिन पाण्यात बंद पडलं की मी चालू करून देतो. शिव्या काठावर आल्यावर देतो." मग तिच्याकडे मान वळवून म्हणाला, "तुला आज काय झालंय? मला वाटलं होतं तू खूश असशील."

तिने पिशवीची नळी चिमट्याने बंद केली.

पहिली पिशवी संध्याकाळपर्यंत उतरली. कॉर्नेलच्या ओठांचा राखाडी रंग गेला. तो आडवा झोपू शकला. दुसऱ्या दिवशी पूर ओसरला आणि किसुमूहून दोन पिशव्या आल्या. चौथ्या दिवशी लघवीचा रंग निवळला. ओकुम्बाचे जंतू कॉर्नेलच्या अंगात काही करायच्या आत गोळ्यांनी संपले. नाफ्तालीने बाजारात सांगितलं की आपल्या एका इंजेक्शनानेच खरी पाठ राखली, आणि ते मानणारेही गावात पुष्कळ निघाले.

जमिनीची बैठक पुढे दोन आठवड्यांनी झाली. तिथे रक्ताचा विषय कोणी काढला नाही. सगळ्यात म्हाताऱ्याने फक्त एवढं म्हटलं की फाटकाजवळचं घर मास्तरांनी स्वतः जागा दाखवून बांधून घेतलं होतं, ते हलवता येणार नाही. कॉर्नेलने वाद घातला नाही. ओकुम्बाला घर, आईच्या पडक्या झोपडीची जागा आणि दलदलीला लागून असलेला खालचा ओला तुकडा मिळाला, जो दुसऱ्या कोणाला नकोच होता. ओकुम्बाने तिथे अळूची लागवड केली. अपोन्दीला काही मिळालं नाही आणि तिने मागितलंही नाही.

आता कॉर्नेल दर आठवड्याला न चुकता तपासणीला यायचा. रांगेत बसायचा, बायकापोरांच्या मध्ये, गुडघे जुळवून. रजा वाढवून घेतली होती. शेवटच्या खेपेला आकडा अकरा पूर्णांक सहा आला. तिने तो कागदावर लिहून दिला आणि पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं, पण कॉर्नेल उठला नाही.

"मला काही बोलायचंय," तो म्हणाला. त्याने शर्ट ठीक केला. भाषण तयार करून आला होता, हे दिसत होतं. "मी तुला पूर्वी काय समजत होतो ते असो. पण तू धावून आलीस. दुसरी कोणी असती तर आली नसती. हे मी नैरोबीत सगळ्यांना सांगणार आहे. माझी बहीण—"

"थांब," अपोन्दी म्हणाली.

तो थांबला.

"शनिवारी बैठकीत मी तुला चहा दिला. तेव्हा तुझा तळवा बघितला मी. तुला काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं. अंगात रक्त किती उरलं असेल तेही साधारण कळलं होतं." तिने चष्मा काढला नाही, नजरही खाली केली नाही. "मी तुला दोन चमचे साखर दिली, घरी गेले, मासा तळून खाल्ला आणि झोपले. सोमवारी तुझी आई आली म्हणून मी आले. ती आली नसती तर आले असते की नाही, ते मला सांगता येत नाही."

बाहेर बाकावर एक तान्हं मूल रडत होतं. कॉर्नेल हातातल्या कागदाकडे बघत राहिला. त्याने तो दोनदा दुमडला.

"मी चहा आणायला सांगितला म्हणून?"

"म्हणून आणि आधीच्या सगळ्यासाठी."

त्याला राग येईल असं तिला वाटलं होतं, आणि तिने त्याची तयारीही केली होती. पण त्याच्या चेहऱ्यावर भाषणाचा जो तुकतुकीतपणा होता तो उतरला, आणि खाली बापासारखा दिसणारा, दमलेला, पन्नाशीचा एक माणूस उरला.

"मीही तेच केलं असतं," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे."

"मी सोमवारीसुद्धा आलो नसतो बहुतेक."

"तेही ठाऊक आहे."

त्याने मान हलवली, कागद खिशात घातला आणि दाराशी जाऊन, रडणाऱ्या पोराच्या आईला आत यायला वाट करून दिली. अपोन्दीने नवी सुई काढली आणि पोराचं बोट धरलं.